वाचकांचे प्रश्न : विमानाच्या माळावर आता मका वाळतो

गेल्या अंकात याच सदरात सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या, विमानतळाविषयी लिहिताना मी ओघात म्हटले होते की मोठे विमानतळ आदेशाने बंद होतात, गावाकडची धावपट्टी मात्र कोणाच्या लक्षातही न येता बंद होते. त्या वाक्यावर चिकोडी, निपाणी, खानापूर, अथणी आणि खुद्द बेळगावातून इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे धावपट्ट्यांच्या देखभालीत गेली असल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, हे आधीच सांगतो. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या माळाला आजही ‘विमानाचा माळ’ म्हणतात. माझ्या लहानपणी तेथे वर्षातून दोन-तीनदा छोटे विमान उतरायचे आणि आम्ही पोरे वर्ग सोडून धावत सुटायचो. आता डांबराच्या भेगांतून गवत वर आले आहे, एका टोकाला लोक मका वाळत घालतात आणि दुसऱ्या टोकाला वीटभट्टी लागली आहे. ही धावपट्टी कोणी आणि केव्हा बंद केली, याचा ग्रामपंचायतीपासून तहसील कचेरीपर्यंत शोध घेतला, पण बंद केल्याचा कागद कोठेच मिळाला नाही. असे कसे होऊ शकते? (निवृत्त प्राथमिक शिक्षक, चिकोडी तालुका)

गुरुजी, तो कागद आपल्याला मिळाला नाही याचे कारण बहुधा असे की तो कधी निघालाच नाही. प्रवासी विमानसेवेसाठी विमानतळाला परवाना लागतो, तो १९३७ च्या विमान नियमांनुसार दिला जात असे, आणि परवाना असला की तो रद्द झाल्याची किंवा त्याची मुदत संपल्याची नोंद कोठे तरी राहते. परंतु सरकारी कामासाठी, धरणाच्या बांधकामासाठी किंवा युद्धाच्या गरजेपोटी केलेल्या छोट्या पट्ट्यांना असा परवाना नसायचा. जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यायची, पट्टी मोकळी असल्याची खात्री करायची आणि वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर विमान उतरवायचे, एवढाच त्यांचा व्यवहार होता. जिचे रीतसर उद्घाटन झाले नाही, तिचे रीतसर बंद होणेही झाले नाही.

आपल्या भागापुरते आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यापूर्वी केलेल्या पट्टीची मूळ मंजुरी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याची असणार. पुढे कामकाज म्हैसूर राज्याकडे आणि मग कर्नाटकाकडे आले. खाती बदलली, भाषा बदलली, दप्तरे एका गावाहून दुसऱ्या गावी हलली. आज ज्या कचेरीत आपण विचारपूस केली, तिला ती पट्टी आपली आहे हेच ठाऊक नसण्याचा संभव मोठा आहे.

आता ती बंद कशी झाली, ते सांगतो. अशा पट्ट्या मी जवळून पाहिल्या आहेत आणि त्यांचा क्रम जवळजवळ सारखाच असतो. सर्वांत आधी राखणदार जातो. तो निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. हा माणूस गवत कापायचा, जनावरे हाकलायचा, विमान येणार असल्याचा निरोप आला की पट्टीवर एक फेरी मारून दगडगोटे उचलायचा आणि वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी फाटली की नवी मागवायचा. त्याच्या पगाराची रक्कम कोणत्याही खात्याच्या हिशेबात दिसणार नाही इतकी लहान होती, पण पट्टी जिवंत होती ती त्याच्यामुळे. तो गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात पिशवीच्या चिंध्या होतात, दुसऱ्या वर्षी कुंपणाची तार नाहीशी होते, तिसऱ्या वर्षी पट्टीवरून शेतात जाणारी बैलगाडीची वाट पडते. मग एखादा वैमानिक पट्टी मोकळी आहे का, असे विचारायला फोन करतो आणि फोन उचलायला कोणी नसते, म्हणून तो दुसरीकडे जातो. पट्टी बंद झाल्याचा दिवस शोधायचाच असेल, तर माझ्या मते तो हाच होय.

अर्थात राखणदार परत का नेमला नाही, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे की पट्टी ज्या कामासाठी केली होती ते काम संपलेले असते. कराडची धावपट्टी १९५५ मध्ये कोयना धरणाच्या कामासाठी म्हणून बांधली गेली. सांबऱ्याची १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलाने युद्धासाठी बांधली. या दोन्ही पट्ट्यांना पुढे दुसरा उपयोग मिळाला म्हणून त्या टिकल्या. ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यावर हेलिकॉप्टरने शेवटचा घाव घातला. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी किंवा पुराच्या पाहणीसाठी पूर्वी छोटे विमान यायचे आणि त्यासाठी धावपट्टी लागायची. हेलिकॉप्टर आल्यावर शाळेच्या मैदानावर चुन्याने गोल आखला, पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसवली की भागू लागले. जिल्ह्याच्या ठिकाणी जी पट्टी वर्षातून चार वेळा लागायची ती एकदाही लागेनाशी झाली. त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे–बेंगळूरु महामार्ग चौपदरी झाला आणि निकडीच्या प्रवासालाही मोटार पुरेशी वाटू लागली.

मधले थांबे असे गळून पडणे फार जुने आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचे विमान आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. त्या विमानाला एकच इंजिन होते, पल्ला थोडा होता, म्हणून बळ्ळारीला उतरणे भाग होते. अहमदाबादेत तर इंधन चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आणले होते. तेव्हा मोकळे, कडक माळरान, बैलगाडी आणि दोन माणसे एवढ्यावर विमानतळ चालत असे. विमानांचा पल्ला जसजसा वाढला तसतशी अशा मधल्या थांब्यांची गरज संपत गेली, आणि ज्या गावांच्या नशिबी केवळ थांबा होता त्यांच्याजवळ माळ तेवढा उरला.

आपण लिहिलेल्या भेगांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वाहतूक असली म्हणजे डांबर खराब होते, असा सर्वसाधारण समज आहे, पण डांबराला चाकांखाली सतत दाबले जाण्याची गरज असते. वापर थांबला की ऊन आणि हवा त्यातला तेलकटपणा शोषून घेतात आणि ते ठिसूळ होते. पुढच्या खेपेला माळावर गेलात तर कडेचा एक तुकडा उचलून दोन्ही हातांनी वाकवून पाहा; जिवंत डांबर उन्हात किंचित लवते, हे मात्र जुन्या खापरासारखे कटकन मोडेल आणि मोडलेली बाजू काळी न दिसता करडी दिसेल. अशा भेगेत पाणी शिरते, आणि चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे : पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. वरून पट्टी ठीक दिसत असतानाही तिच्या खालचा थर हललेला असतो.

प्रश्न : सांबऱ्याच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०८ आणि दुसऱ्या टोकाला २६ हे आकडे रंगवलेले आहेत. त्यांचा अर्थ काय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, खानापूर)

हे आकडे म्हणजे होकायंत्राप्रमाणे धावपट्टीची दिशा. शेवटचे शून्य गाळून लिहिलेली. ०८ म्हणजे सुमारे ८० अंश, जवळजवळ पूर्व. २६ म्हणजे सुमारे २६० अंश, जवळजवळ पश्चिम. दोन्ही टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो, कारण दिशा एकमेकींच्या अगदी उलट असतात. कोल्हापूरची धावपट्टी ०७ आणि २५ आहे, म्हणजे तीही साधारण याच रोखाने टाकलेली आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि उडते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात वारा पश्चिमेकडून घाटावर चढून येतो. जुन्या लोकांनी माळ निवडताना जमिनीच्या उंचसखलपणाइतकाच वाऱ्याचा विचार केलेला असे. असा माळ एकदा गेला की दुसरा मिळणे कठीण, हे पुढच्या उत्तरासाठी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी रस्त्याची लहानसहान कामे घेतो. धावपट्टी म्हणजे शेवटी खडी आणि डांबरच आहे. दीड किलोमीटरचा रस्ता आम्ही दोन महिन्यांत नवा करून देतो. मग जुन्या पट्ट्या पुन्हा चालू करायला सरकारला इतके जड का जाते? (तरुण कंत्राटदार, निपाणी)

आपला उत्साह मला मनापासून आवडला, पण जमिनीवरची पट्टी हा धावपट्टीचा स्वस्तातला भाग आहे. महाग आणि अवघड भाग तिच्या दोन्ही टोकांपुढच्या हवेत असतो.

आधी लांबीचे पाहू. बेळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे. उंचावर हवा विरळ असते, पंखांना आधार आणि इंजिनाला जोर कमी मिळतो, म्हणून विमानाला जास्त धावावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दर ३०० मीटर उंचीमागे धावपट्टीची लांबी ७ टक्क्यांनी वाढवायची असते. म्हणजे जे विमान किनाऱ्यावर १,००० मीटरमध्ये उडेल, त्याला आपल्याकडे केवळ उंचीपोटी जवळपास १,१८० मीटर लागतील, आणि वैशाखातल्या उष्म्याची भर त्यावर वेगळी. जुन्या पट्ट्या ज्या विमानांसाठी केल्या होत्या, ती विमाने आता राहिली नाहीत. त्यामुळे नुसते डांबर घालून भागत नाही, पट्टी वाढवावी लागते. आणि वाढवायची तर टोकाला कोणाचा तरी ऊस उभा असतो.

आता हवेचे. अगदी लहान विमानांच्या पट्टीसाठीसुद्धा टोकापासून ३० मीटर सोडून पुढे दर वीस मीटरांमागे एक मीटर अशा चढाने आकाश मोकळे असावे लागते. हिशेब सोपा आहे : टोकापासून २०० मीटर अंतरावर साडेआठ मीटरपेक्षा उंच काहीही नको. आपल्याकडचे चांगले वाढलेले नारळाचे झाड त्याहून उंच असते. विजेची मोठी वाहिनी, पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा यांचे तर बोलायलाच नको. पट्टी वापरात नसली की तिच्या टोकाकडची जागा सर्वांना मोकळी वाटते आणि नेमक्या तेथेच खांब उभे राहतात. एका पट्टीच्या बाबतीत हे माझ्या डोळ्यांदेखत झाले. आखणीच्या खुणांचे चुन्याचे ठिपके दिसताच मी संबंधित कचेरीला पत्र लिहिले, नकाशा जोडला, वाहिनी दीडशे मीटर बाजूला घेतली तरी पुरेल असे कळविले. उत्तर आले तोवर तारा ओढून झाल्या होत्या, आणि उत्तरात लिहिले होते की सदर ठिकाणी विमानतळ असल्याची नोंद नाही. ती पट्टी त्यानंतर कधीच वापरली गेली नाही. इतकी वर्षे झाली तरी ते पत्र आठवले की मला वाईट वाटते, कारण वाहिनी हलविण्याचा खर्च त्या वेळी शून्य होता.

‘नोंद नाही’ हे त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते, हीच खरी अडचण आहे. विमानतळाभोवतीच्या बांधकामांच्या उंचीवर मर्यादा घालणारे नियम केंद्र सरकारने २०१५ मध्ये केले. पण त्यांचे संरक्षण त्या नियमांच्या परिशिष्टांत ज्यांची नावे आहेत त्यांनाच मिळते. गावाकडच्या पट्ट्यांची नावे त्यांत नसतात. आणि अडथळा एकदा उभा राहिला की तो काढणे किती कठीण, हे सोलापूरच्या उदाहरणाने सर्वांनी पाहिले आहे. तेथील सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानसेवेच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. त्यात ऊस उत्पादकांचेही म्हणणे होते आणि प्रवाशांचेही होते. मला त्यातून इतकेच दिसते की दोघांनाही जो त्रास झाला तो चिमणी उभी राहण्यापूर्वी टाळणे शक्य होते.

यापुढे माणसांचा खर्च येतो. प्रवासी विमान उतरायचे तर अग्निशामक बंब आणि तो चालविणारी माणसे, तपासणीसाठी पोलीस, हवामानाची नोंद घेणारा आणि वैमानिकाशी बोलणारा कर्मचारी ही सगळी मंडळी हजर असावी लागतात. दिवसाला एक विमान आले तरी ती लागतात आणि दहा आली तरी जवळपास तेवढीच लागतात. एकोणीस जणांच्या विमानातल्या अकरा प्रवाशांवर हा सारा भार टाकला तर तिकीट कोणाला परवडेल? त्यात उपकरणांची सोय नसलेल्या पट्टीवर वैमानिकाला डोळ्यांनी पाहून उतरावे लागते आणि त्यासाठी साधारण पाच किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसावे लागते. आपल्याकडे जुलैत ढग माळावर उतरून बसतात तेव्हा ते दिवसेंदिवस दिसत नाही.

इंधनाचाही प्रश्न आहे. सरावाच्या छोट्या विमानांना जे विमानी पेट्रोल लागते ते मोठ्या विमानांच्या इंधनाहून वेगळे असते. ते आपल्या देशात कितीतरी वर्षे बाहेरूनच आणावे लागे. इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार करून २०२२ मध्ये बाजारात आणले. तोपर्यंत ठिकठिकाणची किती विमाने केवळ इंधन परवडेना म्हणून आच्छादनाखाली उभी राहिली असतील, याची कल्पना आपण करू शकता.

म्हणून कोणी पट्टी पुन्हा डांबरी करण्याची घोषणा केली की मी एकच प्रश्न विचारतो : काम झाल्यावर साध्या मंगळवारी सकाळी येथे कोण उतरणार आहे? उत्तर ठरलेले असेल तर खडी टाकावी. नसेल तर डांबराचे पैसे राखणदाराच्या पगारावर, कुंपणावर आणि टोकाकडची जागा मोकळी ठेवण्यावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डांबर पुढे केव्हाही घालता येते.

प्रश्न : सांबऱ्याहून विमाने सुरू होतात, बंद होतात, पुन्हा सुरू होतात. व्यापारासाठी आम्हाला खात्रीची सेवा हवी असते. एक दिवस सांबराही असाच ओस पडेल का? (कापड व्यापारी, बेळगाव)

तशी भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही, मात्र आपली चिंता निराधारही नाही. सांबऱ्याला जे आहे ते गावाकडच्या पट्टीला कधीच नव्हते : हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे, धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढविलेली आहे आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नवी प्रवासी इमारत सुरू झाली. विमाने कमी-जास्त होतील. पण गवत कापायला माणूस उरणार नाही अशी वेळ तेथे येईल असे वाटत नाही.

सेवा का डळमळते, हे मात्र समजून घ्यावे. एका बाजूला हुबळी, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, घाट उतरला की गोवा, आणि गोव्यात दाभोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपा. बेळगावचा प्रवासी या सर्वांत वाटला जातो. नवी इमारत झाल्यानंतर वर्षभराच्या आतच, २०१८ मध्ये, एका कंपनीने येथील आपली विमाने हुबळीला नेली, ते आपल्याला आठवत असेल. पुढे छोटी शहरे विमानसेवेने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला मार्ग मिळाले आणि विमानतळ गजबजला. या योजनेत निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमी दराने द्यायच्या असतात आणि त्यामुळे येणारी तूट कंपनीला भरून मिळते, पण ती तीन वर्षेच. चौथ्या वर्षी मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते.

किती मार्ग असे उभे राहिले, याचा हिशेब कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली, आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू असलेले मार्ग ५४ होते. शेजारी सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या आनंदात सुरू झाला, आणि तेथील मुंबईची पहिली सेवा २०२४ मध्ये तीन वर्षे भरताच थांबली. हे आकडे मी योजनेला नावे ठेवण्यासाठी देत नाही. या योजनेमुळे आपल्या भागातले कितीतरी लोक पहिल्यांदा विमानात बसले, आणि ते मला मोलाचे वाटते. पण व्यापाराचे गणित मांडताना तीन वर्षांची ही मुदत आपण जमेस धरली पाहिजे. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते, हेही विमान कंपन्या पाहत असणारच.

मला दिलासा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव होते. जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी हे बाकीचे. व्यावसायिक परवान्यासाठी शिकाऊ वैमानिकाला २०० तास उड्डाण करावे लागते. म्हणजे प्रवासी विमान येवो न येवो, लहान विमाने उतरत राहतात, उडत राहतात. सांबरा, बाळेकुंद्री, मोदगा भागातल्या लोकांना त्या घरघरीचा त्रास होत असेल, आणि त्यांची तक्रार ऐकून घेतली गेली पाहिजे. तरीही धावपट्टीच्या दृष्टीने पाहिले तर तिला दिवसभर कामात ठेवणारा हा सर्वांत भरवशाचा वापर आहे.

प्रश्न : आजोबांच्या वेळी आमची चार एकर जमीन धावपट्टीसाठी गेली. पट्टी आता ओस आहे. ती जमीन आम्हाला परत मिळू शकते का? निदान ती कोणी परस्पर लाटू नये म्हणून काय करावे? (शेतकरी भगिनी, अथणी तालुका)

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे, पण ते आडवळणाने देण्यात अर्थ नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली गेली असेल आणि मोबदला देऊन ताबा झाला असेल, तर मूळ मालकाला ती परत मागण्याचा हक्क राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितले आहे की ज्या कामासाठी जमीन घेतली ते झाले नाही किंवा संपले, तर ती दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरावी आणि तेही नसेल तर जाहीर लिलाव करावा. पाच वर्षे न वापरलेली जमीन परत करण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे, परंतु ती त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीपुरती आहे. मात्र आजोबांची जमीन खरोखर संपादित झाली होती की केवळ भाड्याने किंवा तात्पुरत्या ताब्याने घेतली होती, हे आधी पाहा. युद्धकाळात तात्पुरत्या ताब्याची प्रकरणे पुष्कळ झाली. तसे निघाले तर चित्र पूर्ण बदलते, आणि तेव्हा मात्र चांगला वकील गाठावा.

दुसऱ्या प्रश्नाबाबत आपल्याला आणि वरच्या गुरुजींनाही एकच सांगणे आहे. पट्टीची जमीन अखंड राहिली पाहिजे. कोल्हापूरची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, जानेवारी १९३९ मध्ये सुरू झाली. २०११ च्या सुमारास तेथील प्रवासी सेवा बंद पडली आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू होऊ शकली, कारण मधल्या काळात विमानतळाची जागा विमानतळाचीच राहिली होती. दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे होऊन ती वाटली गेली असती तर कोणत्याही योजनेला ती पुन्हा जोडता आली नसती. पुढे तेथे विमान नाही उतरले तरी चालेल. पुराच्या वेळी मदतकार्याला, ड्रोनच्या प्रशिक्षणाला, जनावरांच्या छावणीला, गावच्या पोरांना भरतीच्या धावण्याच्या सरावाला असा सलग, सपाट तुकडा कामी येतो. वीटभट्टीने माती उकरली की त्याचा यांपैकी कशालाच उपयोग उरत नाही.

त्यासाठी पट्टीच्या मधोमध उभे राहून मोबाइलवर कर्नाटक सरकारचे ‘दिशांक’ हे जमिनीच्या नकाशांचे ॲप उघडावे. आपण कोणत्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते त्यात दिसते. दोन्ही टोके आणि मध्य असे तीन ठिकाणचे नंबर टिपून घ्यावेत. मग राज्याच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून त्या प्रत्येक नंबराची पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, काढावी आणि नवव्या रकान्यात धारक म्हणून कोणाचे नाव आहे, अकराव्या रकान्यात कोणते इतर हक्क किंवा बोजे आहेत, ते पाहावे. एखाद्या नंबरावर सरकारऐवजी खासगी नाव आढळले तर त्याच्या फेरफाराची नक्कल मागावी. माहिती अधिकाराचा अर्ज तहसीलदार कचेरीच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपये शुल्क भरून करावा. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मालकी, मोजणी आणि अतिक्रमण यांचे तीन वेगळे अर्ज करावेत. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, तेव्हा आपण कन्नड किंवा इंग्रजीत लिहून द्यावा, म्हणजे भाषेच्या कारणावरून तो परत येणार नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मोजणीचा नकाशा हाती आला की त्याची एक प्रत मला या सदराच्या पत्त्यावर पाठवावी. टोकाकडची कोणती जागा मोकळी ठेवायला सांगायची, ते मी त्यावर आखून देईन.